मैफलींचीं ध्वनिमुद्रणें : प्रत आणि प्रामाण्य

१. एखादें जुनें हस्तलिखित हातीं आलें म्हणजे संशोधक प्रथम त्याचा कुलवृत्तांत पाहतो. तें कोणाच्या दप्तरांतून निघालें, कोणी उतरलें, कोणत्या प्रतीवरून उतरलें, हें ठरल्यावांचून त्यांतील मजकूर पुरावा म्हणून कोणी पुढें करीत नाहीं. गायनाच्या मैफलींचीं खासगी ध्वनिमुद्रणें हींहि गेल्या शतकाच्या इतिहासाचीं साधनेंच होत. परंतु त्यांस ही कसोटी लावण्याचा प्रघात आपणांकडे फारसा पडलेला नाहीं. फाइलींची देवघेव सर्वत्र सुरू झाल्यापासून ही उणीव अधिकच जाणवूं लागली आहे. तिचें स्वरूप काय व संग्राहकांनीं तीवर कोणता उपाय करावा, एवढ्याचाच विचार येथें कर्तव्य आहे.

२. कोल्हापुरास या प्रश्नाचें महत्त्व विशेष आहे. शाहू छत्रपतींच्या दरबारीं असलेले गायनाचार्य अल्लादिया खाँ हे महाराजांच्या निधनानंतर (१९२२) मुंबईस गेले व १९४६ सालीं तेथेंच वारले. ग्रामोफोन कंपनीनें १९०२ सालींच कलकत्त्यास येऊन गायनाचें मुद्रण आरंभिलें होतें. तरी खाँसाहेबांचें एकहि ध्वनिमुद्रण उपलब्ध नाहीं. भास्करबुवा बखले (मृ. १९२२) यांचीहि तीच गोष्ट. अशा गवयांविषयीं आपणांस जें कळतें तें गोविंदराव टेंबे यांच्या ‘माझा संगीत व्यासंग’ (१९३९) यासारख्या ग्रंथांतून व शिष्यांच्या गळ्यांतून. शिष्यांच्या तबकड्या आहेत. पण दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीनच मिनिटें मावत. केसरबाई केरकर यांची जी भैरवी १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळांत गेली, ती साडेतीन मिनिटांची आहे. सावनी नट, खोकर, बसंती केदार असे या घराण्याचे अनवट राग मैफलींत विस्तारानें कसे मांडले जात, हें प्रत्यक्ष ऐकावयाचें तर मैफलींच्या ध्वनिमुद्रणांवांचून गति नाहीं.

३. अशीं ध्वनिमुद्रणें होऊं लागलीं तीं मुख्यतः १९५० नंतर, स्पूलचीं यंत्रें हौशी श्रीमंतांच्या व संगीतमंडळांच्या हातीं आल्यावर. एका स्पूलची दुसरी प्रत करावयाची तर दोन यंत्रें जोडून जेवढ्यास तेवढा वेळ बसावें लागे. पुढें कॅसेट आली (१९६३) व काम स्वस्त झालें. तथापि पद्धत तीच राहिली. प्रत मिळे ती ओळखीनें, आणि बहुधा मोबदल्यांत दुसरी दुर्मिळ प्रत देऊन. या पद्धतीचे दोष उघड आहेत. कित्येकांनीं संग्रह कुलुपांत ठेविले. स्पूलवरील लेप सुटला, बुरशी चढली, आणि वारसांनीं अडगळ म्हणून खोकीं टाकून दिलीं.

परंतु त्या पद्धतींत एक गुण होता, तो आज गेल्यावर कळतो. प्रत ज्याच्याकडून आली तो मनुष्य माहीत असे. डबीवर तारीख, स्थळ, तबल्यास कोण, पेटीस कोण, हें कोणाच्या तरी अक्षरांत लिहिलेलें असे. शिवाय प्रत्येक उताऱ्यागणिक फितीची सरसर वाढत जाई. त्यामुळें कोणती प्रत मूळास जवळची, याचा अजमास नुसत्या कानानें करतां येई. लेखनिकांच्या चुकांवरून आपण पोथ्यांची वंशावळ लावतों, त्यांतलाच हा प्रकार.

४. १९९९ सालीं नॅप्स्टर निघाल्यापासून संगीताच्या फाइली अनोळखी माणसांत सर्रास फिरूं लागल्या. यानें लाभ थोडा झाला नाहीं. जें चार घरांत कोंडलेलें होतें तें खेड्यांतील विद्यार्थ्यासहि ऐकावयास मिळालें, आणि मूळ स्पूल नष्ट झालें तरी नाद वांचला. मात्र डबी मागें राहिली. एक मैफल तुटून तिचे सात तुकडे होतात, प्रत्येकास नवें नांव पडतें, साल अंदाजानें लिहिलें जातें, आणि तो अंदाज दुसऱ्या प्रतींत निश्चित विधान बनतो. त्याहून मोठा धोका असा कीं, एकच नोंद दहा ठिकाणीं आढळली म्हणजे ती दहा साक्षींनीं सिद्ध झाली असें वाटूं लागतें. वस्तुतः दहाहि फाइली एकाच स्पूलवरून निघाल्या असल्यास साक्षीदार एकच. एका बखरीच्या दहा नकला म्हणजे दहा बखरी नव्हेत.

५. नादांतहि पाठभेद शिरतात. यंत्राचा वेग शेंकडा ६ नें वाढला कीं आधारस्वर पेटीवरील लगतच्या पट्टीवर चढतो व लयहि तितकीच वाढते. जुन्या तबकड्या सर्वच मिनिटास ७८ फेऱ्यांच्या नसल्यानें तबकडीवरून गवयाची पट्टी ठरवितांनाहि हीच सावधगिरी हवी. ध्वनिमुद्रणांत विजेची घूं घूं उतरली असेल तर आपणांकडील ५० आवर्तनांशीं ती ताडून वेगाचा अंदाज घेतां येतो. मात्र ती मूळ यंत्राची कीं नकल करणाऱ्या यंत्राची, हें पाहिलें पाहिजे. दुसरा दोष साफसुफीचा. खरखर काढण्याच्या भरांत तंबोऱ्याचा झंकार व श्रोत्यांची दाद हीं पुसलीं जातात. आणि मैफलीचें स्थळ वा श्रोतृवर्ग ओळखण्यास तींच उपयोगीं पडतात. तिसरा दोष एम्पीथ्रीसारख्या आकुंचित फाइलींचा. तशा फाइलीवरून पुन्हा तशीच फाइल बनविली कीं नादाचा कांहीं अंश प्रत्येक वेळीं गळतो. अनवट रागांच्या बाबतींत परिणाम गंभीर होतो. कारण जेथें ताडून पाहण्यास दुसरी प्रत नाहीं, तेथें चुकीच्या नांवाची फाइलच विद्यार्थ्यास गुरुस्थानीं होते.

६. यास्तव संग्राहकांनीं पुढील नियम पाळावे. (अ) स्पूल व कॅसेट फाइल झाल्यावरहि जतन करावीं, आणि डबीच्या सर्व बाजूंचें छायाचित्र फाइलीबरोबर ठेवावें. (आ) पहिली फाइल आकुंचन व साफसुफी न करतां करावी. सुधारलेली प्रत निराळी ठेवून तसें नमूद करावें. (इ) मैफल अखंड ठेवावी. मधलें बोलणें व वाद्यें जुळविणेंहि कापूं नये. (ई) प्रत कोणाकडून व केव्हां आली हें लिहावें. डबीवरील मजकूर आणि स्वतःचा तर्क यांची सरमिसळ होऊं देऊं नये.

७. प्रसाराचा प्रश्न निराळा आहे. गायकाचा स्वतःच्या गायनावरील हक्क आपल्या कायद्यानें १९९४ च्या दुरुस्तीनें मान्य केला व १९९९ सालीं त्याची मुदत ५० वर्षें केली. खासगी बैठकींतील गाणें चव्हाट्यावर मांडण्यापूर्वीं गायकाच्या वारसांस विचारणें हें कायद्याइतकेंच सभ्यतेसहि धरून आहे. नोंद ठेवण्यास मात्र कोणाची आडकाठी नाहीं. १९९० सालीं मुंबईस स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या मंडळानें तबकड्यांची माहिती जमवून छापण्याचा मार्ग घालून दिला आहे. तेंच काम मैफलींच्या स्पूलांबाबत व्हावयास पाहिजे. कोल्हापूर, सांगली, मिरज या बाजूस ज्यांच्या माळ्यावर अशीं खोकीं असतील त्यांनीं तीं टाकण्यापूर्वीं निदान डब्यांवरील मजकुराची यादी करावी. ज्यांनीं त्या मैफली ऐकल्या व डब्यांवरील अक्षर ओळखतात, अशीं माणसें हयात आहेत तोंवरच ती यादी पडताळून घेतां येईल.