‘दुखतंय का?’ एवढंच विचारून भागत नाही

गुडघेबदल नीट पार पडतो, एक्स-रे छान येतो, तरी पाचातला एक रुग्ण नाराज राहतो. असं का होतं?

सोनई परिसरात कुणाची तरी ‘वाटी बदलली’, ही बातमी आता कानाला नवी वाटत नाही. मुळा कारखान्याच्या या पट्ट्यात घरं चालतात ती ऊस, कांदा आणि दुभत्या जनावरांवर, आणि त्यातलं बरंचसं काम खाली बसून करायचं असतं. खुरपणी, कांदे काढणं, धार काढणं, चुलीपुढे भाकरी थापणं. साठीच्या आसपास गुडघे कुरकुरायला लागतात. आधी मेडिकलमधली गोळी, मग सुई, मग पट्टा, मग कुणीतरी सांगितलेली पुडी. सगळे उपाय थकले की अहिल्यानगर, लोणी, छत्रपती संभाजीनगर, नाहीतर थेट पुणे.

ऑपरेशन होऊन आजी घरी येतात. ओसरीतल्या कॉटवर पाय लांब करून बसतात. भेटायला भावकी येते आणि जो तो विचारतो, “आता दुखायचं थांबलं ना?” दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खरं उत्तर ‘नाही’ असंच असतं. मग कुजबुज सुरू होते, की एवढे पैसे घातले, ऑपरेशन फसलं की काय? बहुतेक वेळा ते फसलेलं नसतं. या टप्प्यावर दुखणारच, हे घरच्यांना आधी कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

नेमकं काय दुखतं

बोलताना आपण वाटी म्हणतो, पण खरं काम वाटीच्या मागे होतं. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक, दोन्हीकडचा झिजलेला थर कापतात. सर्वसाधारणपणे हा काप आठ ते दहा मिलिमीटरचा असतो. त्यावर धातूची टोपी आणि धातूचं तबक बसतं आणि दोहोंच्या मध्ये टणक प्लॅस्टिकची चकती. मूळची वाटी पुष्कळदा तशीच ठेवतात. म्हणजे झिजलेल्या सांध्याचं जुनं दुखणं त्याच दिवशी जातं, आणि त्याच्या जागी कापलेलं हाड, ताणलेले स्नायू व सूज यांचं नवं दुखणं येतं. जुनं दुखणं वाढत जाणारं होतं, हे नवं उतरत जाणारं असतं. फरक मोठा आहे, पण पहिल्या आठवड्यात तो जाणवत नाही.

शिवाय दुखण्याच्या तऱ्हाही वेगवेगळ्या. रात्रीचा ठणका सुजेचा असतो. पाय वाकवताना बसणारी कळ आखडलेल्या स्नायूंची. आग होणं, मुंग्या येणं हे नसांचं लक्षण, आणि त्याची औषधं वेगळी. टाक्यांच्या बाहेरच्या अंगाला तळहाताएवढा भाग बधिर लागतो, कारण तिथली त्वचेची बारीक नस छेद देताना तुटते. यात घाबरण्यासारखं काही नाही, पण आधी सांगितलेलं नसलं की माणूस महिनाभर तिथेच बोट लावून बघत राहतो. म्हणून डॉक्टरांना नुसतं ‘दुखतंय’ न सांगता कसं, कुठे आणि केव्हा दुखतंय, हे सांगावं.

कळ येण्याआधी औषध

ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा बदलला आणि जून २००१ मध्ये उजवा. न्यूयॉर्कहून आलेल्या डॉ. चित्तरंजन राणावत यांनी ही शस्त्रक्रिया केली. हे ऑपरेशन घराघरांत माहीत झालं ते तेव्हापासून. याच राणावतांच्या चमूने पुढे दुखणं आवरण्यावरही बरंच काम केलं. टाके घालण्याआधी सांध्याभोवतीच्या मांसात बधिर करणाऱ्या आणि सूज उतरवणाऱ्या औषधांचं मिश्रण टोचायचं, ही ती पद्धत. आपल्याकडचे सर्जन आजही त्याला ‘राणावत कॉकटेल’ म्हणतात. सिडनीच्या केर आणि कोहान या डॉक्टरांनी २००८ मध्ये असाच अनुभव सविस्तर मांडला.

यामागचा विचार डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट यांनी नव्वदच्या दशकात पुढे आणला होता. दुखण्याचा निरोप जखमेपासून मेंदूपर्यंत जातो. त्या वाटेवर एकाच जागी एकाच जहाल औषधाने मारा करण्यापेक्षा थोडं थोडं औषध वेगवेगळ्या जागी द्यावं, म्हणजे परिणाम चांगला मिळतो आणि अपाय कमी होतो. म्हणून आज कमरेत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात, सांध्याभोवती मिश्रण टोचतात, मांडीच्या आतल्या बाजूच्या नसेला ब्लॉक देतात आणि जोडीला ठरल्या वेळी साध्या गोळ्या देतात. पूर्वी ब्लॉक जांघेत देत, त्याने मांडीचा मोठा स्नायूच ढिला पडे आणि उभं राहताना पाय दुमडे. आता तो खालच्या पातळीवर देतात, त्यामुळे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चालवता येतं.

एक अडचण मात्र राहते. टोचलेल्या औषधाचा अंमल बारा ते चोवीस तासांत उतरतो. पहिल्या दिवशी हसत चाललेला माणूस दुसऱ्या रात्री कळवळतो. घरच्यांना वाटतं, काहीतरी बिघडलं. खरं तर औषध ओसरलेलं असतं आणि सूज चढत असते. ही दुसरी रात्र येणार, हे आधी सांगितलं तर निम्मी घाबरगुंडी टळते. आणि गोळी कळ असह्य होईपर्यंत लांबवायची नाही. घड्याळ बघून घ्यायची, शक्यतो व्यायामाआधी अर्धा तास.

इथे आपला स्वभाव आडवा येतो. राउंडला आलेले डॉक्टर विचारतात, “शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?” आजी पदर सावरून म्हणतात, “बरंय की.” पोरानं खर्च केलाय, आता आणखी कशाला तक्रार, हा त्यांचा हिशेब. पण ‘बरंय’ म्हणणारी आजी दुखण्याच्या धास्तीने पाय वाकवत नाही. न वाकवलेला गुडघा महिना-दीड महिन्यात आखडतो. त्या वेळी लपवलेलं दुखणं नंतर असं वसूल होतं.

घरी आल्यावर

खरी परीक्षा सोनईला परतल्यावर. आराम वाटावा म्हणून गुडघ्याखाली उशी देतात, ती चूक, कारण त्याने गुडघा वाकलेलाच राहतो. उशी टाचेखाली हवी. बर्फ कपड्यात गुंडाळून लावायचा. पायरी चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा. घरात उरलेली जुनी वेदनाशामक गोळी डॉक्टरांना न विचारता वरून घ्यायची नाही. मधुमेह, रक्तदाब असलेल्यांच्या किडनीला ती महागात पडते. सूज आणि गरमपणा तीन महिने, कधी सहा महिने राहतो, आणि पूर्ण बसायला वर्षही लागतं.

पण काही दुखणी थांबून चालत नाहीत. पोटरी अचानक सुजली, दम लागला, ताप आला, टाक्यातून पाणी येऊ लागलं, किंवा उतरत आलेलं दुखणं पुन्हा चढलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

समाधानाचा हिशेब

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या १,७०३ रुग्णांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. गुडघा बदलल्यानंतर एक वर्षाने त्यातले जवळपास १९ टक्के समाधानी नव्हते. नाराजीचं सर्वांत ठळक कारण निघालं, ते म्हणजे मनात धरलेलं पदरात न पडणं. दुखणंही होतंच. दुसऱ्या एका आढाव्यात गुडघा बदललेल्यांपैकी १० ते ३४ टक्के लोकांना दीर्घकाळ दुखत राहिल्याचं आढळलं. खुब्याच्या बाबतीत हा आकडा ७ ते २३ टक्के. म्हणजे गुडघा खुब्यापेक्षा हट्टी, आणि हेही रुग्णाला आधी कळायला हवं.

समाधान म्हणजे शून्य दुखणं, असं धरलं तर काय होतं, हे अमेरिकेने पाहिलं. तिथे रुग्णांच्या पाहणीतले वेदनेचे प्रश्न रुग्णालयांच्या सरकारी पैशाशी जोडले गेले. गुण मिळवण्यासाठी डॉक्टर अफूजन्य गोळ्या सढळ हाताने लिहितील अशी टीका झाली आणि अखेर ते प्रश्न पैशाच्या हिशेबातून काढावे लागले. आपल्याकडे दुखणं उलट बाजूचं आहे. इथे विचारणारेच कमी.

विचारलं तरी काय विचारतात, तेही बघा. जगभर वापरली जाणारी ऑक्सफर्ड गुडघा प्रश्नावली १९९८ ची, बारा प्रश्नांची. गाडीत चढणं-उतरणं, बाजारहाट, जिना, गुडघे टेकणं हे सगळं त्यात आहे. मांडी घालून पंगतीला बसता येतं का, उकिडवं बसता येतं का, हे त्यात नाही. आपल्या आजींना मात्र तेवढंच हवं असतं. चालायला गुडघा साधारण ७० अंश वाकला तरी भागतं, खुर्चीतून उठायला ९० ते १०५ लागतात, आणि पूर्ण उकिडवं बसायला १३० च्या पुढे. नेहमीचा बदललेला गुडघा ११० ते १२० च्या आसपास थांबतो, आणि ऑपरेशनआधी कमी वाकणारा गुडघा नंतरही फारसा जास्त वाकत नाही. पुण्याचे डॉ. के. एच. संचेती यांनी ‘इंडस’ नावाचा कृत्रिम गुडघा घडवला, तो या जमिनीवरच्या राहणीचा विचार करूनच.

पैशाचा भार थोडा हलका झाला आहे. १६ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली आणि सरासरी १ लाख ५८ हजारांना मिळणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा ५४,७२० रुपये अधिक जीएसटीवर आला. मात्र किंमत बांधता येते, तशी अपेक्षा सरकारला बांधून देता येत नाही. ते काम ऑपरेशनआधीच्या अर्ध्या तासाच्या बोलण्याचं.

त्या अर्ध्या तासात घरच्यांनी चार गोष्टी विचारून घ्याव्यात. दुसऱ्या रात्री दुखलं तर कोणतं औषध मिळणार आणि कोणाला उठवायचं? घरी गेल्यावर व्यायाम कोण करून घेणार, आणि गावाजवळ फिजिओथेरपिस्ट आहे का? किती महिन्यांनी किती दुखणं ठीक समजायचं? आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची, आजींनीच सांगायची: मला या पायानं नेमकं काय करायचंय. शेताच्या बांधापर्यंत चालायचं असेल, तर ते होईल. गोठ्यात उकिडवं बसून धार काढायची असेल, तर डॉक्टरांनी स्पष्ट ‘नाही’ म्हणावं, आणि घरच्यांनी गोठ्यात स्टूल व संडासात कमोडची सोय ऑपरेशनच्या तारखेआधी करून ठेवावी. ‘नाही’ आधी ऐकलेली माणसं वर्षाने बहुधा समाधानी निघतात.