जुन्या संगणकावर नवा खेळ

श्रोतेहो, गोष्ट १९८३ सालातली आहे. त्या वेळच्या युगोस्लाव्हियातील बेलग्रेड नभोवाणीवर 'व्हेंटिलेटर २०२' नावाचा कार्यक्रम लागत असे. निवेदक झोरान मोडली गाणी लावता लावता मध्येच श्रोत्यांना टेपरेकॉर्डर तयार ठेवायला सांगत आणि मग काही वेळ रेडिओतून नुसता चिरका, किरकिरा आवाज येई. शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटे, सेट बिघडला! पण तो आवाज म्हणजे संगणकाचा प्रोग्राम होता. पोरे तो कॅसेटवर उतरवून घेत, कॅसेट घरच्या संगणकाला जोडीत, आणि रेडिओवरून आलेला खेळ पडद्यावर सुरू होई.

हे कसे शक्य झाले? त्या काळचे घरगुती संगणक आपली माहिती साध्या कॅसेटवर आवाजाच्या रूपाने ठेवीत. अशांपैकी एक फार गाजलेला, इंग्लंडातला 'झेडएक्स स्पेक्ट्रम'. तो एप्रिल १९८२ मध्ये निघाला. रबरी बटणांची छोटीशी पेटी, पडदा म्हणून घरचाच टेलिव्हिजन, आणि आत फार तर ४८ किलोबाइट जागा. म्हणजे किती? इंग्रजी छापील पुस्तकाची चोवीस-पंचवीस पाने मावतील एवढी, बस्स! आपल्याकडेही १९८६च्या सुमारास 'डीबी स्पेक्ट्रम' या नावाने तो विकला जात होता.

हे संगणक बाजारातून जाऊन तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तरीही त्यांच्यासाठी दर वर्षी नवे खेळ तयार होतात. करणारे हौशी लोक: दिवसा नोकरी, रात्री हा उद्योग. कमाई जवळजवळ नाही. तुम्ही म्हणाल, हा रिकामटेकड्यांचा छंद झाला. मलाही आधी तसेच वाटले होते. पण खेळ करताना त्यांना काय काय सोसावे लागते ते पाहिल्यावर माझे मत बदलले.

स्पेक्ट्रमच्या पडद्यावर आडवे २५६ आणि उभे १९२ ठिपके. हे सगळे चित्र, रंगांसकट, ६,९१२ बाइटांत बसते. आता त्याच्या मेंदूचा वेग पाहा. सेकंदाला सुमारे पस्तीस लाख ठोके. ऐकायला मोठा आकडा वाटतो, नाही का? पण टेलिव्हिजनवरचे चित्र सेकंदाला पन्नास वेळा नवे होते. म्हणजे एका चित्राच्या वाट्याला आले सत्तर हजार ठोके. नेहमीच्या हुकुमाने एक बाइट एका जागेवरून दुसऱ्या जागी ठेवायला लागतात २१ ठोके. करा गुणाकार: ६,९१२ गुणिले २१, म्हणजे १,४५,१५२. गाठीशी सत्तर हजार, आणि खर्च दीड लाखाच्या घरात!

मग हा संसार चालायचा कसा? सगळा पडदा पुन्हा काढायचाच नाही. जे हलले तेवढेच पुसायचे आणि नव्या जागी काढायचे. शिवाय बटण दाबले गेले का, टक्कर झाली का, गुण किती झाले, हेही त्याच सत्तर हजारांत बघायचे.

रंगांची गंमत तर आणखीच. पडदा आठ बाय आठ ठिपक्यांच्या ७६८ चौकटींत वाटलेला आहे, आणि एका चौकटीत फक्त दोन रंग चालतात. लाल पतंग हिरव्या झाडापुढून गेला की त्या चौकटीतले झाडही लाल होते! काही जण म्हणून मागची बाजू कोरी काळी ठेवतात, काही जण सगळाच देखावा एका रंगात करतात. चांगला कारागीर झाड आणि पतंग यांची गाठच पडणार नाही अशी खेळाची वाटच आखतो.

चिकाटी म्हणाल तर एकच उदाहरण देतो. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा राजपुत्राचा प्रसिद्ध खेळ १९८९ साली 'अ‍ॅपल टू' या संगणकावर आला. 'कमोडोर ६४' या दुसऱ्या लोकप्रिय संगणकावर मात्र तो कधी निघालाच नाही. अखेर २०११ साली एका हौशी प्रोग्रामरने तो स्वतः त्या यंत्रावर आणला, बावीस वर्षांनंतर! जर्मनीतून तर एक स्पर्धाही चालते: पूर्ण खेळ बेसिक भाषेच्या अवघ्या दहा ओळींत बसवायचा, ओळीतल्या अक्षरांवरही मर्यादा. सगळेच नवे खेळ चांगले असतात असे मात्र नाही. पुष्कळसे जुन्याच खेळांची उसनवारी असते.

आता शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्यासाठी थोडे. १९८४ साली आपल्या सरकारने 'क्लास' योजनेखाली सुमारे अडीचशे शाळांत 'बीबीसी मायक्रो' हे संगणक दिले होते. तेही याच पिढीतले. सुरू करताच पडद्यावर बेसिक भाषा हजर, पुढे काय करायचे ते तुम्ही सांगा. आजच्या मुलाच्या हातातला मोबाईल याच्या हजारो पट शक्तिमान, पण आत काय चालते ते त्याला दिसत नाही. तो बटणे दाबतो आणि दुसऱ्याने केलेला खेळ खेळतो. स्पेक्ट्रमसारखे यंत्र एका माणसाच्या डोक्यात अथपासून इतिपर्यंत मावते. हौशी लोक त्याला धरून बसले आहेत ते मुख्यतः यासाठी, असे मला वाटते.

मूळ यंत्र मिळवायची गरज नाही. आजच्या साध्या संगणकावर त्याची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम चालतो, त्याला एम्युलेटर म्हणतात. स्पेक्ट्रमची मालकी पुढे ज्या अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीकडे गेली, तिने आतला मूळ प्रोग्राम अशा एम्युलेटरांबरोबर वाटायला १९९९ साली परवानगी दिली. जुन्या खेळांचे हक्क मात्र ज्याचे त्याचे, तेव्हा उचलताना विचारून उचलावे. नवे खेळ कित्येक हौशी लोक स्वतःच फुकट देतात.

आणि सुरुवात तर संगणकाशिवायही होते. वर्गात चौकटीची वही घ्या. आठ बाय आठ घरे आखा. वरच्या बाजूला डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ असे लिहा. आता पतंग काढू. पहिल्या ओळीत मधली दोन घरे भरा: १६ आणि ८, बेरीज २४. दुसऱ्या ओळीत मधली चार: ६०. मग सहा: १२६. मग सगळी आठ: २५५. त्यानंतर उलट उतरत या: १२६, ६०, २४. शेवटच्या ओळीत शेपटीसाठी पुन्हा मधली चार, म्हणजे ६०. हे आठ आकडे स्पेक्ट्रमला दिले की पडद्यावर पतंग उमटतो. अशी आपली स्वतःची २१ चित्रे त्याच्या बेसिकमध्ये ठेवता येतात.

शेपटी वाऱ्यावर हलवायची आहे? मग फक्त शेवटची ओळ बदला. भरलेली चार घरे एक घर डावीकडे सरकवली की बेरीज १२० होते, उजवीकडे सरकवली की ३०. ही दोन चित्रे आलटूनपालटून दाखवा, शेपटी हलू लागेल.