ता. क. मध्ये काय लिहावं?

ग्राहकाला पत्र लिहून आपल्याकडे ओढणं हे काम दुकानदारांचं, असा माझा समज होता. 1986 च्या मार्चअखेरीला तो गळून पडला. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बँकेत नवखा अधिकारी होतो. ठेवींचं उद्दिष्ट पुरं होत नव्हतं. ‘तुम्ही कथाबिथा लिहिता ना? मग लिहा ठेवीदारांना पत्र,’ असं म्हणून मॅनेजरसाहेबांनी वरिष्ठ कार्यालयाचा मसुदा माझ्यापुढे टाकला.

त्या मसुद्यात ‘आम्ही’ आणि ‘आमची बँक’ यांशिवाय दुसरं काही नव्हतं. आमच्या शाखा, आमची प्रगती, आमच्या विविध योजना! वाचणाऱ्याला त्याचं काय? शिवाय त्या काळी ठेवींचे दर रिझर्व्ह बँक ठरवून देई. आमचा आणि समोरच्या बँकेचा दर सारखाच. म्हणजे दराच्या जोरावर विकण्यासारखं आमच्याजवळ काही नव्हतंच.

मग मी एकच माणूस डोळ्यांपुढे आणला. नुकताच निवृत्त झालेला, फंडाचे पैसे हाती आलेले, आणि ते कुणी मागायला येईल या धास्तीत असलेला. पहिलं वाक्य त्या धास्तीबद्दलच लिहिलं. अवघं एक पान. मजकूर सायक्लोस्टाइल केलेला, पण प्रत्येकाचं नाव शाईनं, हातानं लिहिलेलं. आणि सहीखाली ता. क. माणूस पत्र उघडलं की आधी आपलं नाव बघतो, मग कुणाची सही आहे ते, आणि तिथून नजर ता. क. वर जाते. मजकूर नंतर. त्या जागी मी लिहिलं : ‘गरज पडेल तेव्हा आपले पैसे केव्हाही मिळतील.’

लोक पत्र हातात घेऊन आले. मॅनेजरसाहेबांनी चहा पाजला.

पुढच्या उन्हाळ्यात एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका आल्या. यजमानांचं मिरजेला ऑपरेशन ठरलं होतं. पाच वर्षांची ठेव चौदाव्या महिन्यात मोडायची होती. नियम असा, की ठेव जितके दिवस राहिली तितक्या मुदतीचा दर लावायचा आणि त्यातून दंडापोटी एक टक्का वजा करायचा. हिशेब ऐकून बाईंनी पर्समधून माझं पत्र काढलं. ता. क. खाली लाल पेन्सिलीची रेघ होती.

‘साहेब, हे वाक्य खोटं नाही,’ त्या म्हणाल्या, ‘पण अर्धं आहे.’

मी नियमपुस्तिका पुढे केली. त्यांनी ती उघडलीदेखील नाही.

त्या वर्षाअखेर पुन्हा पत्र लिहायची वेळ आली. आता पोस्टात इंदिरा विकास पत्र मिळू लागलं होतं, पाच वर्षांत दामदुप्पट! आमच्या दहा टक्क्यांनी, तिमाही चक्रवाढ धरूनही, तेवढ्याला सात वर्षं लागत. मी हे पत्रातच सांगून टाकलं. पुढे लिहिलं, की त्या कागदावर आपलं नाव नसतं, हरवला तर गेला. आमच्या पावतीवर नाव असतं. (काहींना नाव नसणं हीच सोय वाटे, पण ते आमच्याकडे येणारच नव्हते.) आणि ता. क. मध्ये मुदतीआधी ठेव मोडल्यास किती कापलं जाईल, ते हजार रुपयांचं उदाहरण देऊन लिहिलं.

‘हे ठेवी आणायचं पत्र आहे की घालवायचं?’ साहेबांनी विचारलं. सही मात्र केली.

काही जण पत्र वाचून सरळ पोस्टात गेले. तरी बरेच आमच्याकडे आले. कापले जाणारे रुपये आधीच मोजून आले होते, त्यामुळे काउंटरवर वाद नव्हता.

हल्ली फोनवर ‘पूर्वमंजूर कर्जा’चा संदेश आला, की मी दंडाचं वाक्य शोधतो. बहुधा ते दुसऱ्याच कुठल्या तरी पानावर असतं.

बाईही आल्या. यजमान बरे होऊन घरी आले होते. दवाखान्याचं बिल भागून थोडे पैसे उरले होते. नव्या पत्रातली ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक त्यांनी लाल पेन्सिलीनं दुरुस्त केली होती. ती आधी दाखवली, मग अर्ज मागितला.

‘किती वर्षांची करू?’ मी विचारलं.

‘एकाच. त्यापुढचं मला कुठं ठाऊक आहे?’