समूहस्वर (भाग ९) : फुटणाऱ्या आवाजांचा वृंद

सोप्रानो आणि आल्टो हे समूहगानातले वरचे दोन भाग मागच्या आठवड्यात आपण पाहिले. हे दोन्ही भाग फक्त मुलगे गातात अशा वृंदांत जगभर सर्वांत जास्त नाव आहे ते व्हिएन्ना बॉइज क्वायरचं. जर्मनमध्ये त्याला ‘वीनर झेंगरक्नाबेन’ म्हणतात, म्हणजे व्हिएन्नाची गाणारी मुलं.

१४९८ साली सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याने व्हिएन्नात दरबारी संगीतमंडळ उभं केलं, तेव्हा त्यात गाणाऱ्या मुलांचीही सोय केली. चर्चमधल्या गायनवृंदात बायकांना जागा नव्हती, आणि उपासनेच्या बहुस्वरी रचना तर वरच्या पट्टीतल्या आवाजांशिवाय उभ्याच राहत नाहीत. ते आवाज मुलग्यांकडेच मिळत. पुढची चारशे वर्षं ही मुलं फक्त दरबारासाठी गायली : रविवारची मिस्सा, सणवार, राजघराण्यातली कार्यं.

पण मुलग्याचा आवाज फार दिवस टिकत नाही. वयात येताना स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज साधारण एका सप्तकाने खाली उतरतो. आपण म्हणतो, पोराचा आवाज फुटला. आपल्या संगीत नाटकांच्या जमान्यात स्त्रीभूमिका मुलगेच करत, तेव्हा कंपन्यांनाही याची धास्ती असे. व्हिएन्नातल्या वृंदाची मला खरी थोरवी वाटते ती इथे. ज्याचं वाद्यच चार-पाच वर्षांत हातातून जातं, त्याने पाचशे वर्षं सूर राखला. इथे एकही गायक मुरायला थांबत नाही. आज जो तयार झाला तो उद्या जाणार, हे शिकवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं, तरी तो तितक्याच जिवाने शिकवतो.

याचा एक पुरावा शाईत उमटलेला आहे. १८०८ साली अकरा वर्षांचा एक शाळामास्तरांचा मुलगा इथे निवडला गेला. परीक्षा घेणाऱ्यांत खुद्द दरबारी संगीतप्रमुख अंतोनियो सालिएरी होते. मुलाचं नाव फ्रान्त्स शूबर्ट. निवड झाली म्हणजे शाळा, वसतिगृह, जेवणखाण सगळं मार्गी लागलं. त्या घरासाठी ही केवढी गोष्ट असेल! चार वर्षांनी पेटर विंटर या संगीतकाराच्या मिस्सेतला आल्टोचा भाग गाताना त्याचा आवाज गेला. समोरच्या कागदावर त्याने आपलं नाव घातलं आणि २६ जुलै १८१२ ही तारीख टाकून नोंद केली, की आज आपण शेवटचं आरवलो. गायलो नाही म्हटलं त्याने, आरवलो. पंधरा वर्षांच्या पोराची ही ओळ वाचताना मी दरवेळी थबकतो. गाणं सुटलं तरी संगीत सुटलं नाही. सालिएरींकडे त्याचं रचनेचं शिक्षण त्याच वर्षी सुरू झालं होतं.

हायडनही याच वृंदातला, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं आढळतं. ते बरोबर नाही. तो व्हिएन्नातल्याच सेंट स्टीफन कॅथीड्रलच्या वृंदातला मुलगा होता. त्या मुलांना दरबारातही गायला बोलावत, त्यातून ही गल्लत झाली असावी.

१९१८ मध्ये साम्राज्य गेलं आणि मुलांचा आश्रय तुटला. दरबारी चॅपलमधलं संगीत नव्या सरकारने चालू ठेवलं, पण मुलांच्या राहण्याखाण्याचा भार कोणी घेईना. तेव्हा चॅपलचे प्रमुख धर्मगुरू योझेफ श्निट पुढे आले. १९२४ साली त्यांनी स्वतःचे पैसे घालून मुलांची संस्था नव्याने उभी केली. पैसा पुरेना, म्हणून १९२६ पासून मुलं चॅपलबाहेर तिकीट लावून गाऊ लागली. दरबारी गणवेश जाऊन खलाशी पोशाख आला, तो आजही त्यांची ओळख आहे. १९३२ मध्ये ती अमेरिकेत गायली, १९३४ मध्ये ऑस्ट्रेलियात. व्यावसायिक वृंद झाला तो असा, पोट भरण्याच्या गरजेतून. यात मला काहीच कमीपणा दिसत नाही. राजाने पोसलेली कला राजाबरोबर संपते हे आपणही संस्थानांच्या बाबतीत पाहिलं आहे. ही संपली नाही, कारण एका माणसाने ती मुलं आपली मानली.

१९४८ पासून त्यांचा मुक्काम व्हिएन्नातल्या आउगार्टेन प्रासादात आहे. नऊ ते चौदा वयाची सुमारे शंभर मुलं, त्यांचे चार वृंद : हायडन, मोझार्ट, शूबर्ट आणि ब्रुकनर यांच्या नावांचे. एक वृंद दौऱ्यावर असला तरी बाकीची शाळेत असतात, म्हणून वर्षाला तीनशेच्या आसपास कार्यक्रम होऊ शकतात. २०१२ मध्ये प्रासादाच्या आवाराच्या कोपऱ्यावर ‘मूथ’ हे त्यांचं स्वतःचं सभागृह उघडलं. मुलींसाठी स्वतंत्र वृंदही आता आहे. तो इतका उशिरा यावा, याची मात्र खंत वाटते.

रविवारची मिस्सा अजून चालू आहे, त्याच होफबुर्ग चॅपलमध्ये. मुलं वर सज्जात उभी असतात, खाली बसलेल्यांना फक्त आवाज येतो. साथीला ऑपेराच्या वाद्यवृंदातले वादक आणि पुरुष गायक. आवाज फुटल्यावर गाणं न सोडलेल्यांचा एक पुरुषवृंदही १९५२ पासून आहे, ‘कोरुस विएनेन्सिस’. मोठ्या रचनांत तो मुलांबरोबर उभा राहतो. वरचे दोन भाग लहानगे गातात; खालचे दोन, टेनर आणि बास, कधीकाळी तेच वरचे भाग गायलेली माणसं.