पोट भरलं, हे मेंदूला कोण सांगतं?

दोस्तांनो, एक सोपा प्रश्न. तुमचं पोट कुठे आहे? बोट ठेवून दाखवा बरं!

बेंबीवर ठेवलंत ना? चुकलात! बेंबीच्या आसपास असतात ती आतडी. गिळलेला घास ज्या पिशवीत जाऊन पडतो, ते जठर त्याहून बरंच वर असतं. डाव्या बाजूच्या खालच्या बरगड्या चाचपून बघा. त्यांच्या मागेच ते लपून बसलंय!

आता मूठ वळा. मोठ्या माणसाचं रिकामं जठर साधारण त्याच्या मुठीएवढं असतं. बस्स, एवढुसं! मग त्यात पोळ्या, भाजी, वरणभात आणि वर दोन गुलाबजाम मावतात तरी कसे?

गंमत आहे आतल्या अस्तरात. त्याला चुण्या असतात. घास यायला लागले की चुण्या उलगडतात आणि पिशवी सैल होत जाते. बघता बघता त्यात लिटरभर अन्न मावतं!

पण खरी गंमत तर पुढेच आहे. पिशवी एवढी ताणली जाते, तर आपण जेवताना थांबतो कसे? "आता बास!" असं कोण म्हणतं?

जीभ? छे! तिला तर तिसरा गुलाबजामही हवाच असतो. दात? ते बिचारे द्याल ते चावतात.

"बास" म्हणतो मेंदू! आणि तो असतो डोक्यात, कवटीच्या आत. जठरात काय चाललंय ते त्याला दिसत नाही. कुणीतरी त्याला निरोप द्यावा लागतो. कोण देतं हा निरोप?

घंटा, फोन आणि शिपाईकाका

समजा, तुमचं शरीर म्हणजे एक शाळा आहे. मेंदू म्हणजे मुख्याध्यापक बाई. त्यांचं ऑफिस सगळ्यात वरच्या मजल्यावर. जठर म्हणजे तळमजल्यावरची खिचडी वाढायची खोली. खालची खबर वर कशी पोचते, बघू या!

आधी वाजते घंटा. जठर रिकामं झालं की ते एक रसायन रक्तात सोडतं. त्याचं नाव घ्रेलिन. ते मेंदूपर्यंत पोचलं की आपल्याला भूक लागते. जपानमधल्या कोजिमा आणि कांगावा या शास्त्रज्ञांनी ते १९९९ साली शोधलं. म्हणजे तुमच्या आई-बाबांच्या लहानपणी भुकेच्या या घंटेचा कुणाला पत्ताच नव्हता! आणि ओळखा पाहू, ही घंटा कधी वाजते? तुमची रोजची जेवायची वेळ जवळ आली की! मधल्या सुट्टीच्या घंटेसारखी अगदी ठरलेल्या वेळेला.

मग वाजतो फोन. मेंदूपासून जठरापर्यंत एक लांबलचक नस जाते. तिचं नाव व्हेगस. ती मानेतून उतरते, छातीतून जाते आणि थेट पोटात पोचते. जठर ताणलं गेलं की तिच्यातून खबर वर जाते, "बाई, खोली भरत आलीय!"

आणि ऐका हं! या नसेत खूप बारीक बारीक तंतू असतात. तुम्हाला वाटेल, मेंदू त्यातून सारखे हुकूम सोडत असेल. पण नाही! दर १०० तंतूंपैकी सुमारे ८० तंतू खालून वर खबर नेतात. म्हणजे बाई बोलतात थोडं आणि ऐकतात जास्त!

पण फोनवर एवढंच कळतं, की खोली भरतेय. कशाने भरतेय? नुसत्या पाण्याने की खऱ्या जेवणाने? ते सांगायला येतात शिपाईकाका!

जठरातलं अन्न थोडं थोडं करून पुढे आतड्यात उतरतं. त्यात डाळ, दूध, तूप, दाणे असं काही आलं की आतडं वेगळी रसायनं रक्तात सोडतं. हेच आपले शिपाईकाका. हातात चिठ्ठी घेऊन ते निघतात. चिठ्ठीत लिहिलेलं असतं, "पोटभर मिळालं. आता वाढू नका."

फक्त एक अडचण आहे. शिपाईकाका जिन्याने येतात! आधी अन्न आतड्यात उतरायचं, मग रसायन रक्तात मिसळायचं, मग ते वर पोचायचं. पहिल्या घासापासून "पोट भरलं" असं नीट जाणवेपर्यंत साधारण २० मिनिटं लागतात.

आता सांगा, तुम्ही किती मिनिटांत जेवता? खेळायला जायची घाई असली की सात-आठ मिनिटांत ताट साफ! काका अजून पहिल्याच मजल्यावर असतात. बाईंना वाटतं, मुलं उपाशीच आहेत. मग त्या म्हणतात, "वाढा अजून!" आणि आणखी दोन पुऱ्या पोटात जातात. काका धापा टाकत पोचतात, तोवर पोट टम्म! मग काय? सुस्ती, जडपणा आणि खेळाला सुट्टी.

पोट चुकलं नाही हं. आपणच त्याचा निरोप पोचू दिला नाही!

पोटाला खिडकी असलेला माणूस

पोटाच्या आत डोकावून बघता आलं तर? खरंच एका डॉक्टरला ते जमलं होतं!

६ जून १८२२ चा दिवस. अमेरिकेतल्या मॅकिनॅक नावाच्या बेटावर एका दुकानात चुकून बंदूक उडाली. गोळी लागली अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला, अगदी जवळून, डाव्या बरगड्यांपाशी. तिथे काय असतं? बरोबर, जठर! सैन्यातल्या विल्यम बोमाँट या डॉक्टरांनी त्याला वाचवलं. जखम भरली, पण जठरापर्यंत जाणारं एक भोक तसंच राहिलं. कायमचं!

बोमाँट काय करायचे, माहितेय? मांसाचा, पावाचा, कोबीचा तुकडा रेशमी दोऱ्याला बांधायचे आणि त्या भोकातून आत सोडायचे. थोड्या वेळाने बाहेर काढून बघायचे, किती विरघळलाय! बिचाऱ्या सेंट मार्टिनला हे मुळीच आवडायचं नाही. मध्येच तो घरी निघूनही गेला होता. पण अन्न पचतं कसं, हे जगाला त्याच्यामुळे कळलं.

१८३३ साली बोमाँटनी सगळं एका पुस्तकात लिहिलं. त्यांचं म्हणणं होतं, की जठराचा पाचकरस अमर्याद नसतो. शरीराला लागेल तेवढ्या अन्नापुरताच तो सुटतो. त्याहून जास्त खाल्लं, तर उरलेलं नीट पचतच नाही! आणि त्यांनी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली. माणसं बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्त खातात! जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट.

तीन वर्षांचं पिल्लू जास्त शहाणं!

तुमच्याकडे एखादं छोटं भावंड आहे? पोट भरल्यावर ते तोंड फिरवतं ना? आईने कितीही चिऊ-काऊचे घास केले तरी नाही म्हणजे नाही!

अमेरिकेत २००० साली शास्त्रज्ञांनी याच गोष्टीचा एक प्रयोग केला. तीन वर्षांच्या आणि पाच वर्षांच्या मुलांना जेवायला मॅकरोनी दिली. एका दिवशी थोडी, एका दिवशी मध्यम, एका दिवशी भरपूर. काय झालं असेल?

तीन वर्षांच्या मुलांनी दरवेळी साधारण तेवढीच खाल्ली! ताट केवढं भरलंय, याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं. पण पाच वर्षांची मुलं? जास्त वाढलं की जास्त खाल्लं!

म्हणजे छोटी मुलं ऐकत होती पोटाचं. मोठी मुलं ऐकत होती ताटाचं! दोनच वर्षांत केवढा फरक!

आणि ही गोष्ट तर त्याहून भन्नाट आहे. १९९८ साली काही शास्त्रज्ञ दोन माणसांना भेटले. मेंदूला इजा झाल्यामुळे त्यांना एक-दोन मिनिटांपूर्वीचंही आठवत नसे. त्यांना दुपारचं जेवण दिलं. त्यांनी खाल्लं. थोड्या वेळाने पुन्हा ताट समोर ठेवलं. त्यांनी पुन्हा खाल्लं! तिसऱ्यांदा ठेवलं, तर बहुतेक वेळा तेही खायला सुरुवात केली!

म्हणजे "मी आत्ताच जेवलो" हे आठवणंसुद्धा पोट भरण्याचाच एक भाग आहे. आता कळलं, मोबाइल बघत जेवू नये असं का म्हणतात? डोळे कार्टूनमध्ये असले, तर ताटातल्या घासाची आठवण राहणार कशी? बाई फोनच उचलत नाहीत!

जास्तीचं अन्न जातं कुठे?

शरीर काही फेकून देत नाही. आज लागलं नाही ते उद्यासाठी ठेवतं, चरबी करून. ही झाली शाळेची तांदळाची कोठी! थोडी चरबी सगळ्यांनाच हवी. ती ऊब देते, मार लागला तर आतल्या भागांना सांभाळते, आजारपणात कामी येते.

आणि कोठीसुद्धा बाईंना चिठ्ठी पाठवते! चरबी एक रसायन सोडते, त्याचं नाव लेप्टिन. "कोठीत भरपूर आहे, चिंता नको," असा त्याचा निरोप.

हा निरोप आलाच नाही तर? १९४९ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत काही गलेलठ्ठ उंदीर सापडले. ते खात सुटायचे! इतर उंदरांच्या जवळजवळ तिप्पट वजनाचे व्हायचे. का? उत्तर मिळायला ४५ वर्षं लागली! १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शोधलं. त्या उंदरांच्या शरीराला लेप्टिन बनवताच येत नव्हतं. कोठी ओसंडून वाहत होती, पण बाईंना वाटत होतं, ती रिकामीच आहे!

मग त्या उंदरांना लेप्टिन टोचलं. आणि काय आश्चर्य! त्यांचं खाणं कमी झालं, वजन उतरलं. बघा, ते हावरट नव्हतेच. म्हणून दोस्तांनो, कुणालाही जाड्या-बारक्या म्हणून चिडवू नका. आत काय चाललंय, ते बाहेरून दिसत नाही.

पण वर्षानुवर्षं कोठीत पोत्यांवर पोती रचत गेलं, तर मोठेपणी गुडघे दुखतात, हृदयाला जास्त काम पडतं, मधुमेह होऊ शकतो. भराभर पोती रचतात ते पाकिटातले तयार पदार्थ! २०१९ साली अमेरिकेत २० मोठ्या माणसांवर एक प्रयोग झाला. दोन आठवडे कारखान्यात बनलेलं तयार अन्न, दोन आठवडे साधं शिजवलेलं. दोन्ही वेळा हवं तेवढं खायची मुभा. तयार अन्नाच्या दोन आठवड्यांत वजन सरासरी जवळजवळ एक किलोने वाढलं! साध्या जेवणाच्या दोन आठवड्यांत तेवढंच उतरलं! तयार अन्न लोक भरभर खातही होते. मऊ, कुरकुरीत, चावायला नकोच. भाकरी-उसळ मात्र चावावी लागते. तेवढ्यात शिपाईकाका वर पोचतात!

करून बघाच!

जुन्या लोकांना हे रसायन-बिसायन माहीत नव्हतं, तरी युक्ती माहीत होती. वाग्भटांच्या 'अष्टांगहृदय' या आयुर्वेदाच्या ग्रंथात सांगितलंय, पोटाचे चार भाग समजा. दोन भाग जेवणाला, एक पाण्याला आणि एक रिकामा! तिकडे जपानच्या ओकिनावा बेटांवर म्हातारी माणसं जेवताना म्हणतात, "हारा हाची बू." म्हणजे पोट दहापैकी आठ भाग भरलं की थांबा. बरोबरच आहे! उरलेले दोन भाग शिपाईकाका वर पोचेपर्यंत भरलेले वाटतातच.

थांबा हं, याचा अर्थ उपाशी राहायचं असा मुळीच नाही! तुम्ही वाढताय. हाडं लांब होतायत, मेंदू घडतोय. खूप खेळलात तर जास्त भूक लागणारच, तेव्हा जास्त खायचं. जेवण चुकवायचं नाही, वजन कमी करायला तर नाहीच नाही. वजनाची काळजी वाटली तर आई-बाबांना सांगा, ते डॉक्टरांना विचारतील.

आज जेवताना एवढंच करा. आधी थोडंच वाढून घ्या. घास नीट चावा. अर्धं ताट झालं की क्षणभर थांबा आणि पोटाला विचारा, "काय रे, अजून हवंय?" हवं असेल तर खुशाल घ्या! नको असेल तर थांबा.

आणि कुणी आग्रह केलाच, तर सांगा, "आजी, थालीपीठ एकदम मस्त झालंय! माझं एक संध्याकाळसाठी ठेव." मग संध्याकाळी खेळून या, घंटा वाजू द्या आणि ते खा. बघा, भुकेल्या पोटी ते दुप्पट चवदार लागतं की नाही!