विहारातली काचटाकी आणि गप्पी मासे

रोहिणखेडला आमच्या वस्तीतील विहाराच्या अभ्यासिकेत काचेची टाकी आली, तिला आता वर्ष होईल. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. मुलांनी दहा-वीस रुपये करून पैसे जमवले, उरलेले आम्ही मोठ्यांनी घातले. हिशेब माझ्याकडे होता. मासे आणायचे कामही मीच अंगावर घेतले आणि तिथेच चुकलो. दुकानात जे टपोरे, सोनेरी दिसले ते चार गोल्डफिश, दोन एंजल आणि काच चाटणारा एक काळा मासा घेऊन आलो. संध्याकाळी टाकीत सोडले. आठव्या दिवसापर्यंत सातही मेले.

मुले रडली. वंदनेनंतर एका आजीने सर्वांसमोर विचारले, "बापू, आपन रोज पहिलं शील घेतो. मंग हे जीव मारायले कायले आनले?" माझ्याकडे उत्तर नव्हते. टाकी विकून टाका, असा सूर निघाला. मी एक महिना मागून घेतला.

त्या महिन्यात वाचून, विचारून जे कळले ते ज्या घरी मुलांनी असाच हट्ट धरला असेल त्यांच्या उपयोगी पडेल. मासा पाण्यातच घाण करतो, त्यातून अमोनिया तयार होतो आणि तो माशाला विषासारखा असतो. वाळूवर काही सूक्ष्म जंतू वाढतात. ते अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट त्यामानाने निरुपद्रवी, शिवाय झाडांचे ते खत. पण हे जंतू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. मी नव्या कोऱ्या पाण्यात एकदम सात मासे सोडले होते! त्यातही गोल्डफिश फार घाण करतो, मोठा होतो आणि कोवळी झाडे खातो, उपटतो. एंजल मोठा झाला की लहान मासे गिळतो. काच चाटणारा तर फूटभराच्या वर जातो.

दुसरी गोष्ट पाण्याची. लोणारच्या पाण्यात मासा टिकत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण आपल्या बोअरच्या पाण्याचा विचार कोण करतो? ते जड असते, भांड्यावर पांढरे पुट बसते. दुकानातला निळा-लाल चमकणारा निऑन टेट्रा हा ॲमेझॉनच्या मऊ पाण्यातला, आपला उन्हाळाही त्याला सोसत नाही. जड पाणी मानवते ते गप्पी, मोली, प्लॅटी यांना. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते, म्हणून ते बादलीत एक दिवस उघडे ठेवूनच वापरावे.

मग आम्ही धुतलेली नदीची वाळू पसरली आणि हायड्रिला व व्हॅलिस्नेरिया लावली. ही झाडे आपल्याकडच्या तलावांतही सापडतात. आणल्यावर दोन-चार दिवस वेगळ्या बादलीत ठेवली. रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकून पाच आठवडे टाकी माशांविना ठेवली. जंतूंना तेवढे पुरते.

मासे मात्र विकत घेतलेच नाहीत. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खात्याची माणसे गप्पी पाळतात, तिथूनच मागून आणले. ते पाहून एक मुलगा नाक मुरडत म्हणाला, "हे तं गटारातले मासे हायेत!" आजी तिथेच बसल्या होत्या. म्हणाल्या, "गटारात टाकले म्हून गटारातले झाले. पानी देऊन पाय." पोरगा गप्प झाला. तिथे बसलेले आम्ही मोठेही गप्प झालो.

सहाच निवडले, सगळे नर. नर लहान आणि रंगीत, मादी मोठी आणि करडी, त्यामुळे ओळख सोपी. मादी दर महिन्याला पिल्ले देते, आणि एकदा नराशी संग झाला की पुढचे काही महिने नराविनाही देत राहते. मग एवढ्या टाकीत गर्दी होऊन पुन्हा तेच मरण.

महिन्याभराने सहा झेब्रा मासे आणले. हा मासा आपल्या देशाचाच. 1822 साली हॅमिल्टनने गंगेच्या माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले. त्याचे गर्भ पारदर्शक असल्याने आज जगभरच्या प्रयोगशाळांत त्याच्यावर संशोधन चालते. सहापेक्षा कमी ठेवले तर तो बावरतो. उडी मारतो, म्हणून वर जाळी हवी. बारा लहान मासे, यापुढे या टाकीत एकही नको, असे आम्ही ठरवले आहे.

दर रविवारी चौथा हिस्सा पाणी बदलतो. नुसती भर घालून भागत नाही, कारण पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. दिवा सात तास, खिडकीचे ऊन अजिबात नाही. मासे नकोसे झाले तर नळगंगेत किंवा विहिरीत सोडायचे नाहीत, हेही मुलांना बजावले आहे. परका मासा तिथल्या माशांच्या मुळावर येतो.

खाद्याचा डबा आता आजींच्या ताब्यात आहे. दोन मिनिटांत संपेल त्याहून जास्त त्या कोणालाच टाकू देत नाहीत, मलाही नाही.