टनाला किती आणि हातात किती

दसरा उलटला की नगर जिल्ह्यातल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या गावांतून ऊसतोड मजुरांचे ट्रॅक्टर निघू लागतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, बाजरीची पोती, कोपीचे म्हणजे झोपडीचे बांबू, एखादी शेळी आणि मधल्या जागेत माणसं. त्याच दिवसांत पारावर एक हिशेब हमखास निघतो : ‘गुजरातेत टनाला 476 रुपये देत्यात, आपल्याकडं 366. मग इथं कशाला मरायचं?’

आकडे खरे आहेत. गुजरात सरकारने 2023 मध्ये ऊसतोडणीचा किमान दर टनाला 238 वरून थेट 476 केला. महाराष्ट्रात जानेवारी 2024 मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीने 34 टक्के वाढ ठरली आणि साधारण 273 रुपयांचा दर 366 च्या घरात गेला. चूक आहे ती या दोन आकड्यांवरून कोण सुखी ते ठरवण्यात.

ऊसतोडीत मजूर माणूस म्हणून मोजत नाहीत, कोयता म्हणून मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. आपल्याकडे चांगल्या उभ्या उसात एक जोडी दिवसाला दोन टनांपर्यंत जाते. म्हणजे 732 रुपये, माणशी 366. सुरत-बारडोली पट्ट्यात कोयत्यामागे दिवसाला टनभराचा हिशेब धरतात. म्हणजे जोडीला 476, माणशी 238. टनाचा भाव तिकडे शंभराहून अधिक रुपयांनी जास्त, आणि दिवसाची मजुरी तिकडेच कमी! यावरून महाराष्ट्र बरा, असंही समजू नये. ऊस लोळलेला असला, फडात पाणी असलं, ट्रॅक्टर उशिरा आला, की आपल्याकडचे दोन टनही कागदावरच राहतात. आणि पहाटे चारला फडात शिरलेल्या बाईला रात्री गाडी भरून होईपर्यंत सुट्टी नसते, त्या तासांचा वेगळा हिशेब कुठल्याच राज्यात नाही.

दुसरा गैरसमज बागायतदारांच्या ओसरीवर ऐकू येतो : ‘लाख-लाख उचल घेतात, काम सुरू व्हायच्या आधीच श्रीमंत.’ उचल हे कर्ज आहे. ते मुकादमाच्या, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराच्या, वहीत जोडीच्या नावावर चढतं आणि तोडलेल्या टनांतून फिटतं. एक लाखाची उचल 366 च्या दराने फेडायला 273 टन ऊस तोडावा लागतो. रोज दोन टन धरले तर 137 दिवस, एकही खाडा न करता. अलीकडे बऱ्याच कारखान्यांचा पट्टा याच्या आतच पडतो, म्हणजे हंगाम संपतो. शिवाय दर आठवड्याला किराण्यासाठी घेतलेली खर्ची त्याच वहीत वर चढत असते. फिटली नाही ती बाकी पुढच्या हंगामाला. गुजरातेतल्या तोडकऱ्यांवर झालेल्या अभ्यासांत तर अशा उचलीवर हंगामाला शेकडा 50 पर्यंत व्याज लावल्याची नोंद आहे. तिथला 476 चा दर या व्याजासमोर ठेवून पाहावा.

खाडा हा शब्द नीट समजून घ्यायला हवा. नवरा-बायकोपैकी एकानेही दिवस बुडवला तर नुसती मजुरी जात नाही, वर दंड लागतो. पाचशे, काही टोळ्यांत त्याहून जास्त. ताप, पाळी, बाळंतपण, सगळं यातच मोजलं जातं. बीड जिल्ह्यात 2019 साली सरकारी पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढल्याचं आढळलं. तेव्हा बाहेरच्यांना धक्का बसला. फडावरच्या बायकांना त्या आकड्यामागचं गणित आधीपासून ठाऊक होतं.

खाड्याला दंड लावण्याची ही युक्ती आपल्या मुकादमांनी शोधलेली नाही. 1834 पासून मॉरिशसच्या उसात करारावर मजूर जाऊ लागले, त्यांत रत्नागिरीकडचे मराठी लोकही होते. 1860 पासून तसेच मजूर दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळला गेले. मॉरिशसचा करार महिना 5 रुपये, नाताळचा महिना 10 शिलिंग. त्या काळी रुपयाला दोन शिलिंग पडत, म्हणजे सुरुवातीचा पगार अगदी सारखा. पण नाताळच्या करारात दरवर्षी एक शिलिंग वाढ होती, पाचव्या वर्षी 14. आणि मॉरिशसमध्ये एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांचा पगार कापत. आफ्रिकेकडच्या त्या दोन मुलखांचे नुसते पगाराचे आकडे शेजारी ठेवले असते, तर आपल्या पारावरच्या हिशेबासारखीच गत झाली असती.

‘कारखाना पैसे देतो’ हेही अर्धंच खरं. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या ऊसबिलातून वजा होतो. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी, आणि मुकादमाचा जोडीशी बहुतेक वेळा तोंडी. मुकादमाचं कमिशन वेगळं, 2024 च्या वाढीत तेही एक टक्क्याने वाढलं. मालक कोण, असं कोर्टात विचारलं तर जो तो पुढच्याकडे बोट दाखवतो.

कायद्याची गंमत तर पाहण्यासारखी आहे. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी 1979 चा कायदा झाला : ठेकेदाराला परवाना, मजुराला पासबुक, जाण्यायेण्याचा खर्च, वर स्थलांतर भत्ता. पुढे तो 2020 च्या कामगार संहितेत सामावला. पण दोन्हीकडे अट एकच, राज्याची हद्द ओलांडलेली हवी. म्हणजे पाथर्डीची जोडी बेळगावच्या फडात गेली तर कागदोपत्री स्थलांतरित. तीच जोडी हद्दीच्या अलीकडे कोल्हापुरात थांबली तर नाही. अंतर जवळपास तितकंच, कोप तशीच, पाचटात साप तोच. बेळगावला जाऊन पासबुक मिळालेला माणूस शोधायचा म्हटलं तर कठीण, हा भाग निराळा.

आणि नगरबद्दलचा एक गैरसमज. बाहेरच्यांना हा जिल्हा साखरेचा वाटतो : प्रवरा, संगमनेर, कोपरगाव, राहुरी. लोणीत विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभ्या केलेल्या कारखान्याचं गाळप 1950-51 ला सुरू झालं, तेव्हापासूनची ही ओळख. तोडकरी बीडचा, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. पण तोडकऱ्यांचं श्रद्धास्थान असलेला भगवानगड पाथर्डी तालुक्यात आहे आणि त्याच्या पायथ्याची कितीतरी गावं हंगामात रिकामी होतात. एकाच जिल्ह्यात पाटाच्या पाण्याचा एक मुलूख आणि कोयत्याचा दुसरा. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं तरी मधली सीमा तीच.

पट्टा पडला की परतीच्या आदल्या दिवशी मुकादम कोपीपाशी खाट टाकून बसतो. वही उघडतो. काट्यावरच्या पावत्या एकीकडे, उचल, खर्ची, खाडे दुसरीकडे. नवरा उकिडवा बसून ऐकतो. बायको चुलीपाशी असते, तिला कुणी बोलावत नाही, पण ती बोटांवर मोजत असते : आपले खाडे तीन झाले होते, वहीत पाच कसे?